शेवटचा एम

आशाताईंनी रांजण पाहिला, कूलर पाहिला,
गच्चीवरची करवंटीसुद्धा उलटून पाहिली.
घर स्वच्छ.
जाता जाता म्हणाल्या, साहेब, डिक्की उघडा की.

स्टेपनीच्या खड्ड्यात चार बोटं पाणी,
त्यात उलट्या लटकलेल्या अळ्या,
स्वल्पविरामांसारख्या.
उदगीरमध्ये आमच्या नळाला दहाव्या दिवशी पाणी येतं
आणि अठ्ठ्याण्णव सालच्या माझ्या एस्टीमनं
कुणाला न सांगता साठा करून ठेवलेला.
शैलजा दारातून म्हणाली,
हिलाच विचारा, कनेक्शन कुठून घेतलं.

मोईज मिस्त्रीनं डावा दिवा काढला, रबर बदललं.
पाणी आलं.
उजवा काढला. पाणी आलं.
मागच्या काचेला काळं सिलिकॉन भरलं,
ते हाताला लागलं, शर्टाला लागलं, चहाच्या कपाला लागलं,
पाणी आलंच.
"पानी जां दिखता ना साब, वां से आता नै,"
मोईज म्हणाला. "आत बसून बघावं लागतंय.
माझं पोट मावंना. तुमचं बसंल."

अठ्ठावीस वर्षं मोजणी खात्यात काढली मी.
भांडण या बांधावर पेटलेलं
आणि सरकलेला दगड तीन गट नंबर पलीकडे,
हे कितीदा डोळ्यांनी पाहिलं.
तरी दोन महिने दिव्यालाच शिव्या देत होतो.

ओतायला पाणी?
शैलजानं पिंपावर हात ठेवला. नळाचं मिळणार नाही.
मग खड्ड्यातलंच काढलं, जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळलं,
झारीत भरलं.
जिथून आलास तिथूनच ये, बाबा.

शिवणीशिवणीवर तिचीच टाल्कम पावडर फासली
आणि गुडघे हनुवटीला लावून बसलो.
झाकण पडलं.

पेट्रोल, ओलं ताग, गंजलेला जॅक.
वर पत्र्यावर पाणी पडतं तेव्हा
आतल्याला ते पाणी वाटत नाही,
कुणीतरी ज्वारी पाखडतंय असं वाटतं.
"दिसलं का?"
नाही.
"जिवंत आहात ना?"
हो.
बऱ्याच दिवसांत आम्ही एकमेकांना
इतकी सरळ उत्तरं दिली नव्हती.

मग टॉर्चच्या उजेडात पावडरीवर एक रेघ उतरली,
नवा शिपाई साखळी ओढत नेतो तशी,
अडखळत, थांबत,
झाकणाच्या घडीतून, कडेकडेनं, खाली.
मी बोट उलटं वर नेलं. बोट संपलं, काही नाही.
टॉर्च विझवला
तेव्हा दिसले: उजेडाचे दोन ठिपके,
टाचणीच्या डोक्याएवढे.

नावाचं शेवटचं अक्षर अडकवायची भोकं.
तो एम तीन वर्षांपूर्वी अहमदपूरच्या रस्त्यावर गळाला.
तेव्हापासून गल्लीतली पोरं गाडीला एस्टी म्हणतात,
हात दाखवून थांबवतात, अर्धं तिकीट मागतात,
मीही हसून हॉर्न वाजवतो.
अक्षराच्या मागं भोक असतं
हे कुणाच्या ध्यानात येतंय.

मोईजनं एमसील मळलं, कणकेच्या गोळीसारखं,
अंगठ्यानं दाबलं.
"एम के जगे पे एम," म्हणाला,
आणि पन्नास रुपये घेतले. सिलिकॉनचे वेगळे.

डिक्कीचं कार्पेट चार दिवस कंपाउंडवर पडून होतं.
शेजारच्या डोईजोडे वहिनींनी विचारलं,
कोणतं जनावर सोललंत?

पाचव्या रात्री दोन वाजता पाऊस आला.
मी बनियनवरच खाली धावलो, डिक्की उघडली,
आणि बघतोय तोवर
सगळा पाऊस सरळ आत.
खिडकीतून शैलजा म्हणाली,
"आत बसून बघा ना."

टॉर्च हातात होताच.